भरतीरेषेच्या वरची जागा

ओल्या वाळूवरचा कासवाचा माग एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा विसरत नाही. मधोमध पोट घासत गेल्याचा सपाट पट्टा आणि दोन्ही कडांना वल्ह्यांसारख्या पायांनी वाळू मागे लोटल्याच्या खुणा. खुणा समोरासमोर असतील तर ते हिरवं समुद्री कासव, कारण ते दोन्ही पुढचे पाय एकदम टाकतं. एकाआड एक, तिरक्या असतील तर ऑलिव्ह रिडले. ते उजवा-डावा करत चालतं. एक माग समुद्रातून वर येतो, दुसरा खाली जातो. खाली जाणारा माग लांब असेल तर मादी वर असताना ओहोटी लागली होती. दोन मागांच्या मध्ये वाळू उसकटलेली असेल तर अंडी असण्याची शक्यता मोठी. नुसतंच वळण असेल तर मादीला काहीतरी खटकलं आणि ती तशीच परतली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या पुळणीवर पहाटेच्या अंधुक उजेडात घरटी राखणारे गावातले कासवमित्र हे सगळं चालता चालता वाचत असतात. हंगामात हे काम रोजचं असतं, आणि कुत्री, कोल्हे जागेवर पोचायच्या आत ते उरकावं लागतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘आदिम सोबती’ हा विषय कळवला. डायनासोरांच्या काळापासून पृथ्वीवर असलेले आणि आजही आपल्या शेजारी नांदणारे प्राणी. नावं बरीच सुचली, पण मन कासवावर ठरलं. कोकणात हा प्राणी दर हिवाळ्यात आपणहून जमिनीवर येतो, अंडी घालतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. त्यानंतरचं सगळं गावातल्या मोजक्या माणसांच्या हातात पडतं. कोट्यवधी वर्षं टिकलेला जीव आणि बाराही महिने हाताला काम नसलेला गावातला तरुण यांची गाठ भरतीरेषा आणि सुरूचं बन यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात पडते. हा लेख त्या पट्ट्याबद्दल आहे.

खड्डा, अंडी आणि पहिले काही तास

ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासवांमधलं आकाराने लहान कासव. पाठ साधारण ६० ते ७० सेंटिमीटर, वजन ३५ ते ५० किलोच्या आसपास. नर पिल्लू एकदा पाण्यात गेलं की सहसा पुन्हा जमिनीवर येत नाही. मादी येते ती फक्त अंडी घालायला. कोकणात हा हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो.

मादी रात्री वर चढते. भरतीचं पाणी पोचणार नाही अशी जागा शोधते. मागच्या पायांनी, न पाहता, खड्डा खणते: तोंड अरुंद, पोट गोल, तांब्यासारखा. खोली दीड फुटाच्या आसपास. त्यात शंभराच्या आगेमागे अंडी पडतात. पांढरी, गोल, सुमारे चार सेंटिमीटरची, चिवट पण लवचिक कवचाची. कवच लवचिक असल्यामुळे ती एकमेकांवर पडूनही फुटत नाहीत. मग वाळू लोटून खड्डा बुजवला जातो आणि रिडले मादी अंगाने डावी-उजवीकडे हेलकावे देत वरची वाळू थापटते. सगळं तासाभरात आटोपतं.

या तासाभरात तिच्या डोळ्यांतून चिकट पाणी वाहत असतं. कासव प्रसूतीच्या वेदनेने रडतं, असं कोकणात अनेकांनी लहानपणी ऐकलेलं असतं. खरं तर हे पाणी तिच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींचं आहे. समुद्रात राहणाऱ्या या प्राण्याच्या पोटात खारं पाणी जातच राहतं. शरीरातलं जादा मीठ या ग्रंथींवाटे बाहेर पडतं. पाण्यात ते दिसत नाही, जमिनीवर दिसतं.

माग सापडला की कासवमित्र उसकटलेल्या वाळूत मऊ लागणारी जागा हलक्या हाताने चाचपतात. जागा धोक्याची असेल, म्हणजे भरतीच्या कक्षेत असेल किंवा कुत्र्यांच्या वाटेवर असेल, तर अंडी काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत नेली जातात. हे काम वेळेत करावं लागतं. अंडी घातल्यानंतर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटायला लागतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर गर्भ मरतो. म्हणून अंडं ज्या बाजूने वर असेल त्याच बाजूने उचलायचं, हादरे बसू द्यायचे नाहीत. मूळ खड्ड्याची खोली आणि रुंदी मोजून तेवढाच खड्डा हॅचरीत खणायचा. ही शिस्त हाताला सवयीने लागते. वेळासमधला जाणता कासवमित्र अंडी मोजताना बोलत नाही आणि शेजारच्यालाही बोलू देत नाही, कारण मोजदाद चुकली तर पुढच्या सगळ्या नोंदी चुकतात.

बरगड्यांचं घर

कासवाच्या पाठीला आपण कवच म्हणतो, पण कासव शंखातल्या गोगलगायीप्रमाणे कवचात राहत नाही. ते कवच म्हणजे त्याच्याच बरगड्या आणि पाठीचा कणा. बरगड्या रुंद होऊन एकमेकींना जुळल्या आणि वरून शिंगासारख्या पदार्थाचे खवले चढले. त्यामुळे कासवाच्या शरीरात एक अजब उलटापालट झाली आहे: आपली खांद्याची हाडं बरगड्यांच्या बाहेर असतात, कासवाची बरगड्यांच्या आत.

हे एका रात्रीत घडलं नाही, आणि त्याचे टप्पे दगडांत सापडले आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या युनोटोसॉरसच्या बरगड्या विलक्षण रुंद होत्या, पण त्याला कवच नव्हतं. चीनच्या ग्वीचौ प्रांतात सापडलेल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ओडोंटोकेलिसला पोटाकडचं कवच पूर्ण होतं, पाठीचं अपुरं, आणि तोंडात दात होते. २००८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा एक जुना वाद पुढे सरकला. कवच आधी पोटाकडून तयार झालं, याला हा प्राणी ठोस पुरावा ठरला. जर्मनीतल्या सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रोगॅनोकेलिसकडे आलो की कवच वर-खाली पूर्ण झालेलं दिसतं. त्यानंतर मूळ आराखडा फारसा बदललेला नाही.

समुद्रात उतरायचं तर आणखी दोन सोयी हव्या होत्या: पायांची वल्ही आणि मीठ बाहेर टाकायची व्यवस्था. कोलंबियात सापडलेलं, १२ कोटी वर्षांहून जुनं डेस्मॅटोकेलिस हे आजवरच्या सर्वांत जुन्या समुद्री कासवांपैकी एक मानलं जातं. ब्राझीलमधल्या ११ कोटी वर्षांपूर्वीच्या सँटानाकेलिसच्या कवटीत डोळ्यांजवळ मोठ्या ग्रंथींसाठी जागा दिसते, पण पायाची बोटं अजून वल्ह्यात पुरती मिसळलेली नाहीत. म्हणजे खाऱ्या पाण्याशी जमवून घेणं आधी झालं आणि चांगलं पोहणं नंतर. वेळासच्या मादीच्या डोळ्यांतलं पाणी एवढं जुनं आहे.

आणि मग आर्केलॉन. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र होता. त्यात लांबीला सुमारे साडेचार मीटर भरणारं हे कासव पोहत होतं. १८९५ मध्ये साउथ डकोटात सापडलेला त्याचा सांगाडा येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्याच पाण्यात मोसासॉर नावाचे महाकाय सरडे होते, आकाशात पंखधारी टेरोसॉर, किनाऱ्यावर डायनासोर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात यातलं जवळजवळ सगळं गेलं. आर्केलॉनचा वंशही उरला नाही. पण कासवं म्हणून जो गट आहे, तो निभावला.

वरळीच्या टेकडीतलं कासव

या कथेसाठी साउथ डकोटाला जायची गरज नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण त्याच काळातला आहे. दख्खनच्या ज्वालामुखींनी लाव्हाचे थर एकावर एक ओतले आणि सह्याद्री घडला. दोन उद्रेकांच्या मध्ये कधी हजारो वर्षांची उसंत असे. त्या उसंतीत थंड झालेल्या लाव्हावर तळी साचत, गाळ बसे, वनस्पती उगवत, बेडूक आणि कासवं वस्तीला येत. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं गाडून टाकी. भूशास्त्रज्ञ या मधल्या थरांना आंतर-लाव्हा थर म्हणतात.

मुंबईत वरळीच्या टेकडीजवळ असे थर उघडे पडले होते. तिथून मिळालेल्या कासवाच्या जीवाश्माचं वर्णन हेन्री जॉन कार्टर या मुंबईतल्या लष्करी डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने १८५२ मध्ये केलं. आज ते कार्टरेमिस लिथाय या नावाने ओळखलं जातं. त्याच थरांत छोट्या बेडकांचे ठसे मिळाले. हे कासव समुद्री नव्हतं, गोड्या पाण्यातलं होतं. मान मागे न ओढता बाजूला दुमडणाऱ्या कासवांच्या गटातलं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यालाही डायनासोरांच्या हाडांसोबत कासवांचे जीवाश्म मिळाले आहेत.

वरळीला आज गगनचुंबी इमारती आहेत. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी, त्या थंडावलेल्या लाव्हाच्या झिजेतून आणि समुद्राच्या वाळूतून बनलेल्या पुळणींवर, कासव अजून येतं. या डोंगरांचा जन्म पाहिलेल्या कुळातल्या प्राण्याने जमिनीवरची एवढीशी जागा सोडलेली नाही.

गरुड शोधायला गेलेली माणसं

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून त्याचं नाव इतिहासात आधीच होतं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते कोकणात पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा अभ्यास करत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या उकरलेल्या घरट्यांची टरफलं दिसली. कासवाची अंडी खायला आणि विकायला काढणं तेव्हा किनाऱ्यावर नवं नव्हतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही कासवं पहिल्या अनुसूचीत आली होती, पण कायद्याची माहिती पुळणीपर्यंत पोचली नव्हती.

संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली गोष्ट साधी होती. अंडी कुठे आणि कधी सापडतात हे ज्यांना सर्वांत चांगलं ठाऊक होतं, त्यांनाच राखणीच्या कामात घेतलं. धाक दाखवण्याऐवजी हाताला काम दिलं. गाव एकदा राजी झालं की चोरीला वाव उरत नाही, कारण लहान गावात रात्री पुळणीवर कोण गेलं होतं ते सकाळी सगळ्यांना कळतं.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पुण्या-मुंबईची कुटुंबं घरगुती मुक्कामाला येऊ लागली. माडाच्या आणि पोफळीच्या वाडीतल्या घरांत पाहुण्यांसाठी चटया पडल्या, सोलकढी आणि उकडीचे मोदक पानात आले. अंडी विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा पिल्लं पाहायला आलेल्या माणसांच्या मुक्कामाचा पैसा जास्त आणि तो घराघरांत वाटला जाणारा. बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं उत्पन्न आलं. हे मॉडेल पुढे आंजर्ले, केळशी, मुरुड, दाभोळ, गुहागर, रायगडातलं हरिहरेश्वर आणि दिवेआगर, सिंधुदुर्गातलं तांबळडेग आणि वायंगणी असं वर-खाली पसरलं. आज वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या देखरेखीखाली किनाऱ्याकिनाऱ्यावर कासवमित्र नेमलेले असतात. कोकणात एका हंगामात दोन हजारांहून अधिक घरट्यांची नोंद झाली आहे.

टोपली उचलताना

हॅचरीतल्या प्रत्येक घरट्यावर एक टोपली पालथी घातलेली असते. पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोपल्या उचलून पाहतात. जमलेली मंडळी दोरीच्या पलीकडे उभी असतात. काही सकाळी एकही टोपली भरलेली नसते. कुणाचं मूल हिरमुसतं, आणि कासवमित्र त्याला समजावतात की कासवाला सुट्टीचं वेळापत्रक ठाऊक नसतं.

पिल्लं सापडली तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात. थेट पाण्यात सोडत नाहीत. तळहातावर मावणारा काळसर जीव वाळूवर थांबतो, मान वर करतो आणि निघतो. वाळूवरची ही चाल म्हणजे वेळेचा अपव्यय नाही. क्षितिजाचा उजेड, लाटांची दिशा आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांची ओळख या पहिल्या प्रवासात त्याच्यात मुरते, असं संशोधन सांगतं. मोठी झालेली मादी वर्षांनंतर आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या आसपास परत येते ती या ओळखीवर.

इथेच महोत्सव आणि निसर्ग यांचा एक खरा ताण आहे. कासवाची पिल्लं मुख्यतः रात्री, वाळू थंड झाल्यावर बाहेर येतात. पोटात उरलेल्या बलकाची शिदोरी घेऊन ती पहिला दिवसभर न थांबता पोहतात आणि शिकाऱ्यांनी भरलेलं उथळ पाणी ओलांडतात. पिल्लू टोपलीत धडपडत राहिलं तर तीच शिदोरी खर्ची पडते. म्हणून पिल्लं पाहुण्यांच्या सोयीसाठी खोळंबवायची नाहीत, हा नियम काटेकोर पाळला जायला हवा. मोठं होईपर्यंत जगणाऱ्या पिल्लांचं प्रमाण हजारात एखादं असं साधारण मानलं जातं. अशा हिशेबात एक तासही क्षुल्लक नसतो.

उन्हाचा हिशेब

कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे गुणसूत्रं ठरवत नाहीत, वाळूचं तापमान ठरवतं. २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात. वाळू याहून थंड असेल तर नर अधिक, उष्ण असेल तर माद्या अधिक. ३५ अंशांच्या वर वाळू बराच काळ राहिली तर गर्भच जगत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्पवयीन हिरव्या कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. उष्ण वाळूने तिथे एका पिढीचे नर जवळजवळ पुसून टाकले.

कोकणात याचा अर्थ काय? अंडी थंडीत घातली तर ती थंडीत उबतात. पण हंगाम पुढे सरकला की शेवटची घरटी मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतात. उन्हाच्या जोडीला वादळंही आहेत. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात क्यार आणि महा ही चक्रीवादळं लागोपाठ आली. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची पोफळी आणि सुरूची झाडं आडवी केली, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. खवळलेला समुद्र पुळणीचा आकार बदलतो. कुठे वाळू चढते, कुठे उभी कड कापली जाते आणि मादीला वर चढता येत नाही. उशिराच्या घरट्यांवर कासवमित्र हिरवी जाळी किंवा झावळ्या बांधून सावली करतात. थर्मामीटर खड्ड्याच्या खोलीवर ठेवून नोंदी घेतात.

सावली करणं भाग आहे, पण तो शेवटचा इलाज नव्हे. हॅचरीत शेकडो घरटी एकाच जागी, एकाच सावलीत, एकाच उन्हात असतात. मोकळ्या पुळणीवर तीच घरटी विखुरलेली असती तर काही ओल्या वाळूत, काही सुरूच्या सावलीला, काही उन्हात उबली असती आणि नर-माद्यांचा तोल आपोआप सांभाळला गेला असता. म्हणून समुद्री कासवांच्या अभ्यासकांमध्ये एकमत आहे: अंडी हलवणं हा नाइलाजाचा उपाय असावा, शक्य तिथे घरटं मूळ जागीच जाळी लावून राखावं. तसं करायचं तर किनारा कुत्र्यांपासून, गाड्यांपासून आणि दिव्यांपासून सुरक्षित हवा. म्हणजे अंडी राखण्याचं काम पुरेसं नाही. जागा राखण्याचं काम सुरू करावं लागतं.

बिल्ला क्रमांक ०३२३३

कोकणातल्या माद्या अंडी घालून जातात कुठे, हे बरीच वर्षं माहीत नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी कांदळवन प्रतिष्ठानसोबत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. तिला नाव दिलं ‘प्रथमा’. त्याच हंगामात ‘सावनी’, ‘रेवा’, ‘वनश्री’ आणि ‘लक्ष्मी’ यांनाही यंत्रं लागली. कासव श्वास घ्यायला वर आलं की यंत्र संदेश पाठवतं, आणि नकाशावर एक बिंदू वाढतो. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे पोहत राहिली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

मग २०२५च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला सापडला: क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने तो २०२१ मध्ये ओडिशात, अंडी घालायला आलेल्या मादीला लावला होता. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या कासवांना बऱ्याच अंशी वेगळं मानलं जाई. या मादीने दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घातली होती. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरतं.

ओडिशाची गोष्ट वेगळ्या मोजपट्टीची आहे. गहिरमाथा आणि ऋषिकुल्याच्या किनाऱ्यांवर लाखो माद्या काही रात्रींत एकदम वर येतात. २०२५च्या फेब्रुवारीत एकट्या ऋषिकुल्याला जवळजवळ सात लाख माद्यांची नोंद झाली. त्यापुढे कोकणातली विखुरलेली घरटी कमी वाटतात. पण एकाच जागी एवढी गर्दी झाली की नंतर आलेल्या माद्या आधीची घरटी उकरतात, फुटलेल्या अंड्यांनी वाळू सडते आणि मोठा हिस्सा वाया जातो. शिवाय एक वादळ, एक तेलगळती त्या एका किनाऱ्यावर आली तर? विखुरलेले छोटे किनारे हा प्रजातीचा विमा आहे, आणि बिल्ला क्रमांक ०३२३३ सांगतो की ओडिशा व गुहागर ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं असू शकतात.

जाळ्यातला श्वास

पुळणीवर जपलेलं कासव समुद्रात मरतं ते बहुतेक वेळा जाळ्यात. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. ट्रॉलरचं जाळं तासन्‌तास तळाजवळून ओढलं जातं, आणि त्यात सापडलेलं कासव वर येऊ न शकल्याने गुदमरतं. यावर उपाय आहे. जाळ्याच्या गळ्यात तिरकी धातूची जाळी बसवतात. कोळंबी तिच्या गजांमधून मागे जाते, कासव गजांना आपटून वरच्या झडपेतून बाहेर निसटतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना साजेसं असं साधन तयार केलं आहे. ते वापरलं जात नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं, आणि त्याची झळ किनाऱ्यावरच्या प्रत्येक बंदराला बसली.

मच्छीमाराची तक्रार समजून घ्यायला हवी. झडपेतून कोळंबीही निसटेल, ही त्याची भीती आहे, आणि डिझेलचा खर्च त्याच्या डोक्यावर आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ पासून एक चांगला मार्ग काढला: संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. मोबाइलवर फोटो घेऊन प्रस्ताव पाठवायचा. या योजनेमुळे कासवं, देवमासे आणि डॉल्फिन जिवंत सुटले आहेत. पाण्यातून काढलेलं निश्चल कासव मेलेलंच असेल असंही नाही. मागची बाजू थोडी उंच ठेवून, सावलीत ओलं ठेवलं तर काही तासांनी ते पुन्हा श्वास घेऊ शकतं. जखमी कासवांसाठी डहाणूला वन विभागाचं उपचार केंद्र आहे. ही माहिती प्रत्येक बोटीवर हवी.

दोन बातम्या

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत झालेल्या निसर्गसंवर्धन परिषदेत एक घोषणा झाली. धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत हिरवं समुद्री कासव ‘संकटग्रस्त’ गटातून थेट ‘कमी चिंतेच्या’ गटात आलं. १९७०च्या दशकापासून जगभरात त्यांची संख्या सुमारे २८ टक्क्यांनी वाढली आहे. हे आपोआप झालं नाही. किनारे राखले गेले, अंडी काढणं थांबवलं गेलं, जाळ्यांत बदल झाले. ऑलिव्ह रिडले मात्र अजून ‘असुरक्षित’ गटात आहे.

दुसरी बातमी अंदमान-निकोबारची. तिथे लेदरबॅक कासव येतं: दोन मीटरपर्यंत लांब, पाचशे किलोच्याही वर वजनाचं, टणक कवचाऐवजी कातडी पाठीचं, हजार मीटरपेक्षा खोल बुडी मारून जेलीफिशवर जगणारं. ग्रेट निकोबारचा गलाथिया उपसागर हे भारतातलं त्याच्या घरट्यांचं मोठं ठिकाण. २००४च्या त्सुनामीने तिथली पुळण उद्ध्वस्त केली, ती पुन्हा साचली आणि लेदरबॅक पुन्हा आलं. आता त्याच उपसागरात मोठं बंदर उभारण्याचा प्रकल्प आहे. तिथल्या अभयारण्याची अधिसूचना २०२१ मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्सुनामीने नेलेली वाळू समुद्राने परत आणून दिली. काँक्रीटखाली गेलेली पुळण अशी परत येणार नाही.

पट्टा कुणाचा

कोकणातल्या पट्ट्यावरही हाच प्रश्न वेगळ्या मापात उभा आहे. समुद्राकडून लाटा वाळू कापत आहेत. त्यांना अडवायला दगडी बंधारे घातले जातात, आणि बंधाऱ्यासमोर मादीला वर चढायला वाट उरत नाही. जमिनीकडून सुरूची लागवड पुळणीवर सरकते, हॉटेलं आणि वाड्या पुढे येतात, किनाऱ्यालगतच्या सागरी महामार्गाची आखणी होते. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथे कासवांसाठी किनारे राखले गेले, पण आसपासच्या शॅक आणि दिव्यांनी तिथला अंधार कमी केला. पिल्लू उजळ क्षितिजाकडे जातं. समुद्रापेक्षा रस्ता उजळ असेल तर ते रस्त्याकडे जातं.

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं सर्वांत कडक, पहिल्या वर्गात मोडतात. म्हणजे नियम आहे. त्याला आधार हवा तो नोंदींचा. कुठल्या पुळणीवर कुठे घरटी होतात, हे कासवमित्रांच्या वह्यांत वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. त्या वह्या किनारी नकाशांना जोडल्या तर कुठला बंधारा किंवा रस्ता घरट्यांच्या वाटेत येतो, ते कागदावरच दिसेल. आज कासवमित्राला हंगामापुरतं मानधन मिळतं आणि जूनमध्ये तो पुन्हा मोलमजुरीला लागतो. त्याच्याकडे पुळणीचं असं ज्ञान आहे जे कुठल्याही कार्यालयात नाही. त्याला वर्षभर कामावर ठेवणं, पावसाळ्यानंतर पुळणीची मापं घ्यायला लावणं, घरटी जागीच राखण्याचं प्रशिक्षण देणं, हा खर्च एका बंधाऱ्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

बावीस कोटी वर्षांत कासवाने हिमयुगं, ज्वालामुखी आणि महासंहार पार केले, कारण त्याच्या जीवनात जमिनीवरची गरज फार थोडी होती: वर्षातल्या काही रात्री, काही हात रुंद कोरडी वाळू, अंधार. एवढंच मागणाऱ्या प्राण्याला आपण ते देऊ शकलो नाही तर कारण साधनांची कमतरता नसेल, निर्णयाची असेल. तो निर्णय दिल्ली-मुंबईत जेवढा व्हायचा आहे, तेवढाच ग्रामसभेतही. येत्या हंगामाच्या आधी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाने पुळणीकडे तोंड असलेले दिवे मोजावेत, नोव्हेंबर ते मे ते झाकावेत किंवा वळवावेत, आणि तो ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवावा. याला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि पैसेही फारसे लागत नाहीत.